गावाकडच्या वॉर्डातून रेसिडेन्सीच्या अर्जापर्यंत : संशोधनाची सुरुवात करणाऱ्यांसाठी

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, अकोला या जिल्ह्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारे आणि पुढे अमेरिकेत रेसिडेन्सी (पदवीनंतरचे विशेषज्ञ होण्याचे प्रशिक्षण) करू इच्छिणारे विद्यार्थी दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात : 'सर, अमेरिकेत रिसर्च पोझिशन कशी मिळते?' मी त्यांना उलट विचारतो, की आपल्या रुग्णालयाची रेकॉर्ड रूम कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे काय. बहुतेकांना ते ठाऊक नसते. ज्या इमारतीत चार वर्षे ये-जा केली, तिच्याच एका कोपऱ्यात सर्पदंश, फवारणीची विषबाधा, सिकलसेल आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाऊन तोंड न उघडणारे रुग्ण यांचे हजारो केसपेपर सुतळीने बांधून ठेवलेले असतात, याची त्यांना कल्पना नसते. म्हणून हा लेख त्या खोलीपासून सुरू होतो आणि अमेरिकेतील जागेपर्यंत नंतर पोहोचतो. आधी अमेरिका आणि मग काम, असा उलटा प्रवास करणाऱ्यांचा वेळ आणि घरचा पैसा दोन्ही खर्ची पडलेले मी पाहिले आहेत.

संशोधन कशासाठी आणि कोणाला

युएसएमएलई या अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या स्टेप १ चा निकाल २६ जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. त्याआधी या परीक्षेतील तीन आकडी गुण हाच परदेशी पदवीधराचा सर्वांत मोठा आधार होता, कारण सेवाग्राम किंवा यवतमाळचे महाविद्यालय कसे आहे हे ओहायोतल्या प्रोग्राम डायरेक्टरला माहीत असण्याचे कारण नाही. चांगले गुण मात्र त्याला कळत. आता गुण मुख्यतः स्टेप २ सीके या पुढच्या परीक्षेचे दिसतात, आणि त्यामुळे उरलेल्या अर्जाकडे, म्हणजे शिफारसपत्रे, अमेरिकेतील रुग्णालयाचा अनुभव आणि संशोधन यांकडे, पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने पाहिले जाते. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, सुमारे ५८ टक्के अर्जदारांना जागा मिळाली, हा आकडा लक्षात ठेवून तयारी करावी.

सगळ्यांना सारखे संशोधन लागत नाही, हे मात्र आधीच स्पष्ट करतो. फॅमिली मेडिसिनसाठी किंवा लहान सामुदायिक रुग्णालयातील इंटर्नल मेडिसिनसाठी एक-दोन प्रामाणिक कामे पुरेशी असतात. तिथे ग्रामीण भागात काम केल्याचा अनुभव अनेकदा अधिक बोलतो. विद्यापीठाशी जोडलेल्या मोठ्या इंटर्नल मेडिसिन किंवा न्यूरॉलॉजी प्रोग्रामसाठी संशोधनाचे वजन वाढते. त्वचारोग, ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी अशा शाखांत परदेशी पदवीधराला बहुधा अमेरिकेतच एक-दोन वर्षे पूर्णवेळ संशोधन करावे लागते, आणि तेवढे करूनही जागेची हमी नसते. आपली शाखा कोणती हे निदान अंदाजाने ठरवल्याशिवाय पुढची पायरी चढू नये.

मॅच चालवणारी एनआरएमपी ही संस्था यशस्वी अर्जदारांची सरासरी प्रसिद्ध करते. ती पाहून विद्यार्थी घाबरतात. त्या आकड्यात छापलेले शोधनिबंध, गोषवारे आणि सादरीकरणे एकत्र मोजलेली असतात. म्हणजे एकाच अभ्यासाचा गोषवारा परिषदेत गेला, तिथे पोस्टर लागले आणि पुढे निबंध छापला, तर काम एक असूनही नोंदी तीन होतात. बारा नोंदी दिसल्या म्हणून बारा अभ्यास झाले असे समजण्याचे कारण नाही.

प्रश्न वॉर्डातच असतो

आपल्याकडे साधने नाहीत, प्रयोगशाळा नाही, मग आपण काय संशोधन करणार, असे म्हणणाऱ्यांना मी गडचिरोलीकडे बोट दाखवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेने तिथल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये मांडले. पुढे १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा अभ्यास आला. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी ते काम केले होते आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. या दोन्ही अभ्यासांचा जीव प्रश्नात होता आणि तो प्रश्न यंत्रांशिवाय विचारता आला. विद्यार्थ्याकडून एवढ्या मोठ्या कामाची कोणी अपेक्षा करत नाही, परंतु दिशा तीच ठेवावी.

आपल्या भागात विषयांची वाण नाही. पावसाळ्यात मण्यार आणि घोणसाच्या दंशाचे रुग्ण येतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना झालेल्या विषबाधेने देशाचे लक्ष वेधले होते, आणि तशा रुग्णांची नोंद आजही दर हंगामात होते. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली होती. पूर्वेकडे हत्तीपाय आणि मलेरिया आहे, मेळघाटात कुपोषण आहे, सिकलसेल जवळपास सर्वत्र आहे आणि खर्ऱ्यामुळे होणारे तोंडाचे आजार पानठेला असलेल्या प्रत्येक गावात आहेत.

तरीही 'विदर्भातील सर्पदंश' हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. प्रश्न असा असावा, की त्याचे उत्तर तुमच्याकडच्या नोंदींतून काढता येईल. उदाहरणार्थ, विषारी घोणसदंश झालेल्या ज्या रुग्णांना आमच्या रुग्णालयात पोहोचायला सहा तासांहून अधिक वेळ लागला, त्यांना लवकर पोहोचलेल्यांपेक्षा डायलिसिसची गरज अधिक पडली काय? यात रुग्ण कोण, तुलना कशाशी आणि मोजायचे काय, हे तिन्ही आले. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि ते जमेपर्यंत दुसरे काहीही करू नये. मग पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या मोफत सूचीवर बसून हा प्रश्न आधी कोणी सोडवला आहे का ते पाहावे. सोडवला असेल तर निराश होऊ नये, कारण दुसऱ्या प्रदेशातील उत्तर आपल्याकडे लागू पडते का, हाही प्रश्नच असतो.

मार्गदर्शक कसा शोधावा

अनेक विद्यार्थी विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर उभे राहतात आणि आत गेल्यावर म्हणतात, 'सर, मला रिसर्च करायचा आहे, काही असेल तर सांगा.' सर मान डोलावतात आणि गोष्ट तिथेच संपते. त्याऐवजी एका कागदावर प्रश्न, लागणाऱ्या नोंदी आणि अंदाजे रुग्णसंख्या लिहून न्यावी आणि म्हणावे, 'सर, गेल्या दोन पावसाळ्यांत आपल्याकडे सर्पदंशाचे बरेच रुग्ण होते, मी रजिस्टर पाहिले, यावर आपल्या मार्गदर्शनाखाली काम करता येईल का?' ज्याने रजिस्टर चाळले आहे त्याला नाही म्हणणे शिक्षकाला जड जाते, हा माझा स्वतःचाही अनुभव आहे.

सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती हाच सर्वांत चांगला मार्गदर्शक, असे नसते. पीएसएम (जनआरोग्य) विभागातील एखादे असिस्टंट प्रोफेसर, ज्यांना बढतीसाठी स्वतःलाही निबंध हवे आहेत आणि ज्यांना आकडेवारी येते, ते पहिल्या कामासाठी अधिक उपयोगी पडतात. त्यांच्या जोडीला ज्या विभागाचे रुग्ण आहेत तिथले एक शिक्षक घ्यावेत.

आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप ही विद्यार्थ्यांसाठीची योजना १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांचा स्वतंत्र प्रकल्प, शेवटी अहवाल आणि तो मंजूर झाल्यावर विद्यावेतन, असे तिचे स्वरूप आहे. इंटर्नला त्यात अर्ज करता येत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षातच चौकशी करावी. विद्यार्थ्यांना गावातील कुटुंबे दत्तक देण्याची पद्धत आता अभ्यासक्रमातच आली आहे; सेवाग्रामला तर बॅचने एक गाव दत्तक घेण्याची परंपरा फार जुनी आहे. त्या भेटींतून चांगले सर्वेक्षण उभे राहू शकते, मात्र दत्तक कुटुंब भेटीला हो म्हणाले याचा अर्थ संशोधनालाही हो म्हणाले असा होत नाही.

एथिक्स कमिटी आधी, माहिती नंतर

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझे पहिले काम इथेच बुडाले. मी इंटर्न असताना कीटकनाशक प्राशन केलेल्या रुग्णांच्या नोंदी पाच महिने खपून गोळा केल्या, रात्रपाळीत बसून तक्ते केले आणि सगळे झाल्यावर परवानगीचे पत्र काढायला गेलो. कमिटीने शांतपणे सांगितले, की झालेल्या कामाला मागून परवानगी देता येत नाही. चूक पूर्णपणे माझी होती. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि तिचा कुठेही उपयोग झाला नाही.

म्हणून प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहून महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडे) द्यावा, मंजुरीचे पत्र क्रमांक आणि तारखेसह हातात यावे आणि मगच पहिली फाइल उघडावी. कमिटीच्या बैठका दर आठवड्याला होत नसतात, तेव्हा एक-दोन महिने यातच जातील असे धरून चालावे. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे मोफत उपलब्ध आहेत. निदान संमती आणि गोपनीयतेची प्रकरणे वाचावीत. जुन्या केसपेपरवरील अभ्यासात कमिटी संमतीची अट शिथिल करू शकते, परंतु ती शिथिल करण्याचा अधिकार कमिटीचा आहे, तुमचा किंवा तुमच्या गाइडचा नाही. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत ती नोंदवावी लागते.

संमतिपत्राची भाषा हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे. इंग्रजीतून जसेच्या तसे मराठीत आणलेले संमतिपत्र वाचून दाखवले, की आजी म्हणतात, 'तुमीच सांगा ना जी, आपल्याले काय समजते त्यातलं,' आणि अंगठा पुढे करतात. ही संमती कागदावर पूर्ण असते आणि अर्थाने रिकामी असते. संमतिपत्र वऱ्हाडी कानाला कळेल अशा लहान वाक्यांत लिहावे, मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी व्यक्ती सोबत घ्यावी, आणि नाही म्हटले तरी उपचारात काही फरक पडणार नाही हे वाक्य दोनदा सांगावे. अंगठा असेल तर निष्पक्ष साक्षीदाराची सही हवी.

आणखी एक इशारा. अमेरिकेतील एखाद्या प्राध्यापकाशी ओळख झाली की उत्साहाच्या भरात रुग्णांची एक्सेल शीट ईमेलने पाठवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. परदेशी संस्थेबरोबरच्या आरोग्य संशोधनाला आपल्याकडे एथिक्स कमिटीखेरीज केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मान्यता लागते आणि तो अर्ज आयसीएमआरमार्फत जातो. ती प्रक्रिया विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. आपली माहिती आपल्याकडे ठेवावी आणि त्यांच्याकडे त्यांच्या माहितीवर काम करावे, हे सोपे आणि सुरक्षित.

नोंदी, तक्ता आणि आकडे

रेकॉर्ड रूममध्ये जाण्याआधी विभागाचे पत्र घ्यावे आणि तिथल्या मामांशी (कर्मचाऱ्यांशी) नीट बोलावे, कारण कोणत्या वर्षाचा गठ्ठा कुठल्या रॅकवर आहे हे केवळ त्यांनाच ठाऊक असते. प्रोफॉर्मा, म्हणजे माहिती भरायचा नमुना, आधी तयार ठेवावा. सर्पदंशाच्या अभ्यासात वय, लिंग, दंशाची वेळ, पोहोचण्याची वेळ, आधी कोणत्या केंद्रात दाखवले, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या, क्रिएटिनिन, डायलिसिस आणि शेवट काय झाला, एवढे रकाने पुरतात. पहिल्या दहा फाइलींवर हा प्रोफॉर्मा तपासून पाहावा. तेव्हा कळेल, की दंशाच्या वेळेच्या रकान्यात अनेक ठिकाणी 'काल संध्याकाळी' किंवा 'शेतात असताना' असेच लिहिलेले आहे आणि तुमचा सहा तासांचा प्रश्न त्यावर टिकत नाही. अशा वेळी प्रश्न बदलून कमिटीकडे दुरुस्ती मागावी. अंदाजाने तास भरू नयेत.

एका रुग्णाला एक ओळ, एका ओळीत कोठेही नाव नाही. नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी वेगळ्या कागदावर गाइडच्या कपाटात राहावी. गावाचे नावही टाळावे. भामरागडसारख्या तालुक्यात वय, आजार आणि गाव एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. मोबाइलवर केसपेपरचे फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकणे हा गोपनीयतेचा भंग आहे, कितीही सोयीचे वाटले तरी. आकडेवारीसाठी जामोवी किंवा आर ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत आणि संदर्भ सांभाळायला झोटेरो आहे. पीएसएम विभागातील सांख्यिकीतज्ज्ञांकडे माहिती गोळा झाल्यावर नव्हे, तर नमुना किती घ्यायचा हे ठरवतानाच जावे.

लिहिणे आणि छापणे

पहिल्या निबंधासाठी केस रिपोर्टची वाट सगळे धरतात. ती वाईट नाही, मात्र रुग्णाची लेखी संमती आणि केअर ही २०१३ ची मार्गदर्शिका यांशिवाय धरू नये. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोबची २२ मुद्द्यांची यादी आहे. ती लिहून झाल्यावर तपासण्यासाठी नसून लिहिण्याआधी समोर ठेवण्यासाठी आहे. आधी तक्ते करावेत, मग पद्धती, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना शेवटी लिहावी, म्हणजे विषय सोडून भटकायला होत नाही.

लेखकांची नावे आणि क्रम पहिल्याच बैठकीत कागदावर ठरवावा. ज्याने काम केले नाही त्याचे नाव घालायचे नाही, आणि स्वतःचेही कुठे फुकट लावून घ्यायचे नाही. टेलिग्रामच्या काही ग्रुपवर लेखकपदे विकली जातात; पहिल्या नावाचा दर वेगळा, चौथ्याचा वेगळा. त्या वाटेला जाऊ नये, कारण असा निबंध मागे घेतला गेला तर त्याची नोंद तुमच्या नावासमोर कायमची राहते आणि मुलाखतीत त्यावरचा एक साधा प्रश्नही अंगलट येतो. पैसे घेऊन आठ दिवसांत स्वीकृती देणारी जर्नले आणि केवळ प्रमाणपत्रासाठी फी मागणाऱ्या 'रिसर्च इंटर्नशिप' याच माळेतल्या. जर्नल पबमेडमध्ये दिसते का, डीओएजे या खुल्या जर्नलांच्या सूचीत आहे का आणि संपादक मंडळातील माणसे खरी आहेत का, हे तिन्ही तपासावे. लेखकांकडून पैसे न घेणारी चांगली भारतीय जर्नलेही आहेत. नकार येतोच. दोनदा नकार आल्यावर तिसरीकडे पाठवताना परीक्षकांच्या सूचना मात्र अमलात आणाव्यात.

ज्यांना वॉर्ड उपलब्ध नाही त्यांच्यासाठी

जॉर्जिया, रशिया, फिलिपिन्स येथे एमबीबीएस केलेली बुलढाणा-वाशिमकडची कितीतरी मुले परत येऊन घरी अभ्यास करत असतात. कोणी बाँडमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. त्यांना एखाद्या खुल्या माहितीसंचावर काम करता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीची जिल्हावार पत्रके खुली आहेत. अमेरिकेचे एनएचएएनईएस सर्वेक्षण थेट उतरवून घेता येते. बोस्टनमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील नोंदींचा मिमिक हा संच ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून आणि करारावर सही करून मोफत मिळतो. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे निबंध पद्धतशीर तपासणे, हाही मार्ग आहे, परंतु तो एकट्याने होत नाही. निदान दोघांनी स्वतंत्रपणे निबंध निवडावे लागतात आणि काम सुरू करण्याआधी प्रॉस्पेरो या अशा आढाव्यांच्या नोंदवहीत नोंदणी करावी लागते. नेट जाते-येते अशा गावात बसूनही हे जमते, एवढे खात्रीने सांगतो.

अमेरिकेतील संशोधन-जागा

इथे एक-दोन कामे हातात आल्यावर ही पायरी येते. पबमेडवर आपल्या विषयातील अलीकडचे निबंध काढावेत आणि त्यांच्या ज्येष्ठ लेखकांची नावे एनआयएच रिपोर्टर या अमेरिकी सरकारी संशोधन-अनुदानांच्या मोफत संकेतस्थळावर टाकावीत. कोणाला कोणत्या विषयासाठी अनुदान मिळाले आणि ते केव्हापर्यंत आहे, हे तिथे दिसते. ज्याचे अनुदान नुकतेच सुरू झाले आहे त्याला हात लागतात. ज्याचे संपत आले आहे तो कितीही भला असला तरी जागा देऊ शकत नाही. ही एवढी गोष्ट न पाहता शंभर ईमेल टाकणारे मुलगे मग 'कोणीच उत्तर देत नाही' म्हणून खचतात.

ईमेल दोनशे शब्दांच्या आत असावी. आपण सरांना लिहितो तशी 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात करू नये. डॉक्टर आणि आडनाव पुरे, आणि समोरची व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे आधी पाहावे. पहिल्या वाक्यात त्यांच्या कोणत्या निबंधातील कोणती गोष्ट आपल्या कामाशी जुळते ते सांगावे, दुसऱ्यात आपण काय पूर्ण केले आहे, तिसऱ्यात कोणती कौशल्ये आहेत, आणि शेवटी कोणत्या महिन्यापासून किती काळ पूर्णवेळ देता येईल. 'कोणतेही काम चालेल' असे लिहिले की कोणतेच काम मिळत नाही. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ असतात, हिवाळ्यात साडेआठ. ती वेळ साधावी. दहा दिवसांनी एकदा आठवण द्यावी आणि मग सोडून द्यावे. आपल्याच महाविद्यालयातून गेलेल्या सीनियरला विचारण्यात संकोच करू नये. बऱ्याच जागा अशाच, एक जण मॅच होऊन बाहेर पडताना दुसऱ्याचे नाव सुचवतो तेव्हा, भरल्या जातात.

जागा मिळाली तरी ती पगारी असेलच असे नाही. अनेक जागा विनावेतन असतात, आणि त्या शहरात वर्षभर राहण्याचा खर्च दोन एकर ओलिताच्या उत्पन्नातून निघत नाही. घरी हे आधी स्पष्ट सांगावे. वेतन, कालावधी, निबंधांतील नावाचा क्रम आणि शिफारसपत्र यांविषयी जाण्याआधीच लेखी विचारावे. तिकडे अशा प्रश्नांचा राग येत नाही. पूर्णवेळ संशोधनासाठी बहुधा जे-१ रिसर्च स्कॉलर व्हिसा लागतो, त्यासाठी विद्यापीठ डीएस-२०१९ हे पात्रता प्रमाणपत्र देते आणि पुरेसे पैसे व आरोग्य विमा दाखवावा लागतो. मुलाखत मुंबईच्या वकिलातीत, म्हणजे विदर्भ एक्सप्रेसचे तिकीटही वेळेवर काढावे. या व्हिसावर रुग्णसेवा करता येत नाही, तेव्हा ऑब्झर्व्हरशिपची (रुग्णसेवा नुसती पाहण्याची) सोय त्याच संस्थेत स्वतंत्रपणे परवानगी घेऊन करावी लागते. पर्यटक व्हिसावर जाऊन पगारी काम करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. पुढे रेसिडेन्सीसाठी मिळणारा डॉक्टरांचा जे-१ हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते, हेही आत्ताच माहीत असावे.

अर्जात कसे मांडावे

बहुतेक शाखांचे अर्ज इरास या ऑनलाइन प्रणालीतून सप्टेंबरअखेरीस प्रोग्रामकडे पोहोचतात आणि निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो. निबंध लिहून छापून येईपर्यंत वर्ष सहज जाते, त्यामुळे ज्या सप्टेंबरला अर्ज करायचा त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात माहिती गोळा होऊन हातात असायला हवी. इंटर्नशिप सुरू झाल्यावर पहिला प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला हे गणित जमत नाही.

छापलेले, स्वीकारलेले आणि नुसते पाठवलेले यांसाठी अर्जात वेगवेगळे रकाने आहेत. पाठवलेला निबंध 'स्वीकारलेला' म्हणून दाखवू नये. अनुभवांच्या दहा नोंदी देता येतात आणि त्यांपैकी तीन सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडून त्यांवर अधिक लिहिता येते. माझ्या मते त्यांपैकी एक जागा आपल्या गावाकडच्या अभ्यासाला द्यावी, मग तो लहान जर्नलमध्ये छापलेला असला तरी चालेल. प्रत्येक प्रोग्रामला चार शिफारसपत्रे जोडता येतात. अमेरिकेतील संशोधन-मार्गदर्शकाचे पत्र त्यांपैकी एक असावे. पत्र वाचण्याचा आपला हक्क सोडल्याची खूण तिथे करावी, आणि ती न केल्यास वाचणारे पत्रावर फारसा विश्वास ठेवत नाहीत.

मुलाखतीत अर्जातील प्रत्येक ओळीवर विचारले जाते. आपल्याच निबंधातील पी व्हॅल्यूचा अर्थ, नमुना तेवढाच का घेतला, कोणती त्रुटी राहिली, हे दोन मिनिटांत सांगण्याचा सराव खोलीतल्या मित्रासमोर करावा. मागच्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीला मुलाखतकाराने निबंधाविषयी एकच प्रश्न विचारला : रुग्णाला तुमच्याकडे यायला इतका उशीर का होतो? तिने नदीला पूर आला की कोणता रस्ता बंद होतो, आधी मांत्रिकाकडे का जातात आणि रुग्णवाहिका कुठून निघते, हे सांगायला सुरुवात केली आणि उरलेला सगळा वेळ त्यातच गेला.